लॉकडाऊनमध्ये सायकल बाहेर काढायची का, आणि काढलीच तर कशी

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, गंगापूर रोडला राहते आणि सायकल चालवते. माझ्या पेशंटमध्येही सायकलवाले पुष्कळ आहेत, कारण हे शहरच सायकलवेडं आहे. २०२० आणि २०२१ मध्ये मला सगळ्यात जास्त फोन आले ते गुडघ्यासाठी किंवा कमरेसाठी नाही, तर "मॅडम, सायकलिंग चालू ठेवू की बंद करू?" हे विचारायला. तेव्हा ज्याला जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. आता सगळं एकत्र लिहून ठेवते आहे. साथ पुन्हा आली तर हे प्रश्नही पुन्हा येणारच.

माझं मत आधी सांगते. मोकळ्या रस्त्यावर, पहाटे, एकट्याने सायकल चालवताना कोविड होण्याची शक्यता फार कमी. तो पसरायचा मुख्यतः बंद खोल्यांत, गर्दीत आणि जवळ बसून मारलेल्या गप्पांत. म्हणून सायकल काढायची की नाही हे विषाणूच्या भीतीवर ठरवू नका. ते ठरवा एका वेगळ्याच प्रश्नावर: आज मी पडले, तर या शहरात माझ्यासाठी खाट रिकामी आहे का?

सायकलवरून पडणारा माणूस हमखास हात पुढे टेकवतो. मग मनगट जातं नाहीतर कॉलरबोन. एरवी यात घाबरण्यासारखं काही नसतं. एक्स-रे निघतो, प्लास्टर नाहीतर प्लेट बसते आणि सहा आठवड्यांनी माणूस माझ्याकडे व्यायामाला येतो. पण त्या प्लेटमागे किती माणसं लागतात बघा. हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, नर्स, वॉर्डबॉय, ऑपरेशन थिएटर, नंतर एक-दोन रात्रींची खाट. एप्रिल २०२१ मध्ये भूलतज्ज्ञ आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळत होते. २१ एप्रिलला आमच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत नातेवाईक सिलिंडरसाठी शहरभर फिरत होते. अशा वेळी चुकवता आला असता असा एक्स-रेसुद्धा कुणाच्या तरी वाट्याचा असतो, हे मला मनापासून वाटतं. आणि पडलेल्या सायकलवाल्याला त्याच कॅज्युअल्टीच्या रांगेत तासन् तास थांबावं लागतं. रस्त्यावर जो विषाणू लागला नसता, तो तिथे लागतो.

आज नियम काय आहे ते आजच बघा

"मागच्या वेळी परवानगी होती" हे कामाचं नाही. महाराष्ट्रातच वर्षभरात नियम किती बदलले ते आठवा. २५ मार्च २०२० पासून देशभर कडक लॉकडाऊन होता, तेव्हा व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा नव्हती. मग 'मिशन बिगिन अगेन' आलं आणि ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालणं, पळणं, सायकल चालवणं सुरू झालं. त्या आदेशात सायकलला चक्क प्रोत्साहन दिलं होतं, कारण सायकलवर अंतर आपोआप राखलं जातं. अट एवढीच की गटाने फिरायचं नाही, घराजवळच फिरायचं आणि प्रतिबंधित क्षेत्रात काहीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन' आलं आणि सकाळचं फिरणं, पळणं, सायकलिंग सगळं परत बंद झालं.

७ जून २०२१ पासून निर्बंधांचे पाच स्तर आले. मला ती पद्धत सगळ्यात शहाणी वाटली, कारण जिल्ह्याचा स्तर दोन गोष्टींवर ठरायचा: पॉझिटिव्हिटीचा दर (शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह) आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात. तिसऱ्या स्तरात रोज पहाटे ५ ते ९ सायकल चालवता यायची, चौथ्यात फक्त सोमवार ते शुक्रवार, पाचव्यात बंद. म्हणजे सायकल काढायची की नाही हे सरकारही खाटा मोजूनच ठरवत होतं.

बाहेरच्या देशांतही हाच पेच होता आणि उत्तरं निरनिराळी निघाली. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडता येत होतं, सायकलसुद्धा चालत होती. स्पेनमध्ये मात्र हौसेची सायकल मार्चच्या मध्यापासून पूर्ण बंद होती, ती २ मेला ठरावीक वेळेत सुरू झाली. फ्रान्समध्ये पायी फिरायला घरापासून एक किलोमीटर आणि एक तास, खेळ म्हणून सायकल नाहीच. त्यामुळे परदेशातल्या भाच्याने स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या ॲपवर, टाकलेली राइड बघून आपलं ठरवू नका.

नियमाने परवानगी दिली तरी पुढचा निर्णय तुमचाच राहतो. माझा हिशोब असा: ऑक्सिजनच्या ४० टक्क्यांहून जास्त खाटा भरल्या असतील तर घराजवळ, सपाट रस्त्यावर आणि हळू. ६० टक्क्यांच्या वर गेल्या की सायकल घरातच. साथीत हे आकडे जिल्हा प्रशासन सांगायचं, वर्तमानपत्रातही यायचे. आणि घरात कुणी आजारी, केमो चालू असलेलं, किंवा तुमच्यावरच सर्वस्वी अवलंबून असलेलं माणूस असेल तर आकडा बघायचीही गरज नाही. तुमचा हात प्लास्टरमध्ये गेला तर त्या घराचं काय होईल एवढाच विचार करा.

रस्ता निवडताना

एरवी नाशिकचा सायकलवाला त्र्यंबकला जातो, अंजनेरीला जातो, कसारा घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. लॉकडाऊनमध्ये यातलं काहीच नको. त्र्यंबकेश्वर जवळजवळ तीस किलोमीटरवर आहे, त्याला 'घराजवळ' कसं म्हणणार? घाट उतरून कसाऱ्याला पोचलात की ठाणे जिल्हा लागतो, आणि ई-पासची (जिल्ह्याबाहेर जायच्या ऑनलाइन परवान्याची) सक्ती होती तेव्हा तो नसताना जिल्ह्याची हद्द ओलांडणं म्हणजे गुन्हाच होता.

गिरणारे, गंगावऱ्हे, हरसूलकडच्या रस्त्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिकडे जायचा मोह सगळ्यांना होतो. रस्ता रिकामा, हवा स्वच्छ, एका बाजूला द्राक्षबागा. पण एप्रिल २०२० मध्ये कितीतरी गावांनी वेशीवर दगड आणि काट्याकुपाट्या टाकून रस्ते अडवले होते. शहरातून आजार येतो हे त्यांना कळत होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. पाड्यावर कुणाला दम लागला तर प्राथमिक आरोग्य केंद्र कित्येक किलोमीटर लांब आणि ॲम्ब्युलन्स यायला तास. आपण तिथे पाण्याची बाटली भरून घ्यायला थांबतो, हातपंपाला हात लावतो, पारावर बसलेल्या आजोबांशी दोन शब्द बोलतो. साध्या दिवसांत हे चांगलंच. साथीच्या दिवसांत गावाने काटे टाकले असतील तर काटे बाजूला करून पुढे जायचं नाही, मागे फिरायचं.

मग जायचं कुठे? घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत एक फेरा ठरवा आणि तोच पुन्हा पुन्हा मारा. सायकल बिघडली तरी ढकलत घरी येता येईल एवढं अंतर. चौक कमी, उजवी वळणं कमी, वाटेत भाजी मंडई नको. कंटाळवाणा वाटेल, पण रोजच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माहीत असतो आणि पडायची शक्यता बरीच कमी होते.

रिकामा रस्ता सुरक्षित असतो ही समजूत मनातून काढून टाका. रस्ता रिकामा दिसला की गाडीवाले सुसाट सुटतात, सिग्नल पाळत नाहीत. आणि कुत्री. हॉटेलं, चायनीजच्या गाड्या, मटणाची दुकानं बंद झाल्यावर गल्लीतल्या कुत्र्यांचं खाणं तुटलं आणि त्यांच्या टोळ्या झाल्या. पहाटे एकट्या सायकलवर ती धावून येतात. जोरात पळवू नका, पळालात की ती मागे लागतातच. वेग कमी करा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जा, लॉकडाऊन असो नसो.

बायकांसाठी अजून एक गोष्ट, जी कुठल्याच सायकल ग्रुपवर कुणी लिहीत नाही. पेट्रोलपंपांवरचे आणि हॉटेलांतले संडास या काळात बंद असतात. पाणी कमी पिऊन निघणं हा त्यावरचा उपाय नाही, एप्रिलच्या उन्हात तर नाहीच. फेरा घराच्या दारावरून जाईल असा आखा, म्हणजे केव्हाही आत येता येईल.

निघण्याआधी

सायकल दोन-तीन महिने उभी असेल तर तशीच काढू नका. टायरमधली हवा गेलेली असते आणि टायर एकाच जागी दबून तिथे रबराला चिरा जातात. हवा भरा, एक रात्र तशीच ठेवा आणि सकाळी अंगठ्याने दाबून बघा. बाजूच्या भिंतीवर चिरा दिसल्या तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका. ब्रेकचे रबर कडक होऊन गुळगुळीत झालेले असतात, त्यांना पॉलिश पेपर मारा. साखळीला तेल द्या आणि वरचं तेल फडक्याने पुसून काढा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. दुकानं बंद असताना हे सगळं आपल्यालाच यायला हवं. शिकायला याहून मोकळा वेळ कधी मिळणार?

बरोबर जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून सोडवायच्या पट्ट्या), पॅच, सोल्यूशन, छोटा पंप, षटकोनी पान्हा, पाणी, ओळखपत्र आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद ठेवा. फोन लॉक असतो, कागद नसतो. हेल्मेट तर हवंच. वाटेतल्या पंक्चरवाल्याच्या भरवशावर निघू नका, त्याचं दुकानही बंदच असणार.

जे सायकलवर कामाला जातात, म्हणजे नर्स, मेडिकलमधली मुलं, दूधवाले, सफाई कामगार, त्यांच्यासाठी यातलं बरंच लागू नाही. त्यांनी सायकल चालवावीच. भरलेल्या रिक्षात तिघांबरोबर बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. ओळखपत्र गळ्यात दिसेल असं घाला, साहेबांच्या सहीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि नाकाबंदी दिसली की आधीच वेग कमी करून उतरा. पोलीसही चोवीस तास उन्हात उभे असतात, त्यांच्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

चालवताना

एकटेच चला. घरातल्या माणसाबरोबर चालेल, ग्रुपबरोबर नाही. एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या काही अभियंत्यांनी हिशोब मांडला होता की वेगाने जाणाऱ्या सायकलच्या मागे वीस मीटर अंतर ठेवावं. तो हिशोब हवेच्या झोताचा होता, त्याने कुणाला किती संसर्ग होतो हे सिद्ध झालेलं नव्हतं आणि त्यावर टीकाही झाली. तरी समोरच्याच्या मागच्या चाकाला चिकटून जायची सवय या काळात सोडलेली बरी, कारण ग्रुपमध्ये एक पडला की मागचे तीन पडतात.

वेग किती, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलून बघणं. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. स्प्रिंट नको, चढावरचे विक्रम नकोत, चार-पाच तासांच्या राइड नकोत. तब्येत टिकवायला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम पुरतो, जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये हेच सांगितलं. रोजचा अर्धा तास झाला तरी दीडशे सहज भरतात.

मास्कबद्दल खूप वाद झाले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं होतं की एकट्याने सायकल चालवणाऱ्यासाठी मास्कची वेगळी सूचना नाही, गटात असाल तर मात्र हवा. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं होतं की जोराचा व्यायाम करताना मास्क नको. पण रस्त्यावरचा नियम स्थानिक प्रशासन ठरवतं आणि दंडही तेच घेतं. म्हणून सुती मास्क घाला आणि वेग इतकाच ठेवा की त्यातून आरामात श्वास घेता येईल. घामाने भिजला की बदला, ओला मास्क नाकाला चिकटतो आणि गुदमरायला होतं. एन-९५ घालून चढ चढू नका. आणि हनुवटीवर ओढलेल्या मास्कचा उपयोग नाही. रस्त्यावर थुंकणं, नाक शिंकरणं ही सायकलवाल्यांची जुनी खोड आहे. ती साथीत तरी सोडा. खिशात रुमाल ठेवा.

हायवेवरच्या सायकली

मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा हायवेवरून माणसांची रांग चालली होती. कल्याण, भिवंडीकडून निघालेले कामगार कसारा घाट चढून नाशिकवरून उत्तर प्रदेशकडे चालले होते. त्यांतले पुष्कळजण सायकलवर होते. अन्नवाटप करणाऱ्या मंडळींबरोबर आम्ही काहीजण परवाना घेऊन विल्होळीजवळ उभे राहायचो, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की सायकल चालवणं योग्य की अयोग्य. रेल्वे बंद, काम बंद, खोलीचं भाडं थकलेलं.

एका मुलाची सायकल अजून डोळ्यांसमोर आहे. काळी, जुनी विकत घेतलेली. सीट इतकी खाली की पेडल मारताना गुडघे हँडलला लागत होते. मागच्या कॅरिअरवर गोणी आणि तिच्यावर दोरीने बांधलेला स्टोव्ह. मागच्या चाकातली हवा दर तासाला जाते म्हणाला. ट्यूब बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, एकही बुडबुडा नाही. गळती वालट्यूबची, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायच्या बारीक रबरी नळीची होती. नवी वालट्यूब बसवली, हवा थांबली. मग सीट वर घेतली, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम वाकेल इतकी. स्टोव्ह खाली बांधला, कारण वजन वर असलं की उतारावर सायकल डोलते. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या, त्या दोरीसारख्या सैल होत नाहीत. या सगळ्याला फार वेळ लागला नाही, आणि त्याच्या गुडघ्यांवर पुढच्या शेकडो किलोमीटरचा भार किती कमी झाला हे मी धंद्याने सांगू शकते.

हे इथे लिहिते कारण तुम्हाला सायकल दुरुस्त करता येत असेल आणि बाहेर पडायचा परवाना असेल, तर लॉकडाऊनमधला तुमचा सगळ्यात चांगला तास हाच. वालट्यूबचा एक वेढा, पॅचचा डबा आणि दोन पान्हे.

घरात

बाहेर बंदी असेल तर ट्रेनर, म्हणजे सायकल अडकवून घरात जागच्या जागी चालवायचं स्टँड. पंखा समोर ठेवा, खाली चटई टाका, हँडलवर टॉवेल पसरा. घामातलं मीठ सायकलचे स्क्रू खातं. रस्त्यावर आपण नकळत सीटवरून उठतो, हलतो. ट्रेनरवर ते होत नाही आणि खालचा भाग बधिर होतो, म्हणून दर दहा मिनिटांनी उभं राहून पेडल मारा. ट्रेनर नसेल तर घोडीवर (सायकलच्या स्वतःच्या स्टँडवर) चढवलेल्या सायकलवर जोर काढू नका, घोडी वाकते. त्यापेक्षा जिने चढा. दोन मजले चढणं-उतरणं, मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस, असं आलटून पालटून वीस मिनिटं. मांड्यांची ताकद टिकते, आणि सायकलला ताकद तिथूनच मिळते.

कोविड होऊन गेल्यावर

इथे मी कडक आहे. ताप असताना किंवा अंग दुखत असताना व्यायाम नाही, ट्रेनरवरसुद्धा नाही. विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान सात दिवस थांबा. त्यानंतर निदान दोन आठवडे फक्त हलकं, म्हणजे चालणं, घरातली कामं, श्वासाचे व्यायाम. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी याच धर्तीवर सल्ला दिला होता आणि मी पेशंटना तोच देते. हॉस्पिटलात राहिलेल्यांनी किंवा छातीत दुखलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवायचं.

सायकलवर बसण्याआधी सहा मिनिटं चालून बघा. ऑक्सिमीटर बोटाला लावा, आकडा लिहून ठेवा, घरातच सपाट जागी नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चाला, परत बघा. ९३ च्या खाली गेला, किंवा आधीच्यापेक्षा तीनहून जास्त उतरला, किंवा दम लागला, तर सायकल विसरा आणि डॉक्टरांना फोन करा. नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, दुसऱ्या बोटाला लावा. सगळं ठीक असेल तर पहिला आठवडा दहा-पंधरा मिनिटं, सपाट रस्ता, हलका गिअर. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सुट्टी. चालवताना छातीत धडधडलं, चक्कर आली, दुखलं, तर तिथेच उतरा, सावलीत बसा आणि घरच्यांना बोलवा. हळूहळू पेडल मारत घरी जाते असं म्हणू नका.